चौथीच्या गणितातले ५.७ गुण कुठून आले? टॅबलेट मिळालेल्या सहा शाळांचा प्रकरण अभ्यास

प्रसंग

बीड जिल्ह्यातल्या बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातले एक केंद्र, म्हणजे जवळपासच्या शाळांचा गट. केंद्रात जिल्हा परिषदेच्या १२ प्राथमिक शाळा, बहुतेक द्विशिक्षकी. त्यातल्या सहा शाळांना जूनमध्ये प्रत्येकी १० टॅबलेट मिळाले, काही लोकवर्गणीतून, काही ग्रामपंचायतीच्या निधीतून. टॅबलेटवर चौथीच्या गणिताचे मराठी ॲप. उरलेल्या सहा शाळांत टॅबलेट नाहीत. जुलैत सगळ्या १२ शाळांत चौथीची ३० गुणांची गणित चाचणी झाली आणि एप्रिलमध्ये त्याच धर्तीची दुसरी. टॅबलेटच्या शाळांची सरासरी ११.२ वरून १६.९ वर गेली. शिक्षण परिषदेत, म्हणजे केंद्रातल्या शिक्षकांच्या बैठकीत, फळ्यावर '५१ टक्के वाढ' असे लिहिले गेले आणि उरलेल्या सहा शाळांसाठी आणखी ६० टॅबलेट घ्यावेत, असा प्रस्ताव तालुक्याला गेला. सही करण्यापूर्वी गटशिक्षणाधिकाऱ्यांनी एवढेच विचारले की ही वाढ टॅबलेटमुळेच झाली, हे कशावरून?

हे केंद्र आणि इथले गुण हिशेब नीट दाखवता यावा म्हणून बेतलेले आहेत. ते कोणत्याही एका शाळेचे निकाल नव्हेत. अडचणी मात्र या भागातल्या शाळांत रोज दिसणाऱ्या आहेत, आणि पुढे ज्या बाहेरच्या अभ्यासांचा उल्लेख येतो ते प्रत्यक्ष झालेले आहेत.

'५१ टक्के' हा आकडा आधी बाजूला ठेवू. जुलैची सरासरी ६ असती आणि एप्रिलला तेवढीच ५.७ ची भर पडली असती, तर तीच वाढ ९५ टक्के दिसली असती. मूळ गुण जितके कमी, तितकी टक्केवारी फुगते. म्हणून यापुढे सगळे गुणांत मोजले आहे.

एप्रिलला बाकावर कोण होते?

जुलैत टॅबलेटच्या सहा शाळांत १३१ मुलांनी पेपर दिला. एप्रिलमध्ये १०४ मुलांनी. मधली २७ मुले कुठे गेली, हे या पट्ट्यात कोणाला विचारावे लागत नाही. दसरा-दिवाळीच्या सुमाराला मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, घेतलेली जोडपी टोळीबरोबर पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात साखर कारखान्यांवर ऊसतोडीला जातात. गावात हंगामी वसतिगृह असेल किंवा आजी-आजोबांकडे सोय असेल तर मूल मागे राहते, नाहीतर सोबत जाते. गळीत हंगाम लांबला की परतायला मार्च संपतो, कधी एप्रिलही निम्मा होतो. नाव पटावर असते, मूल फडावर असते.

ही २७ मुले वर्गातली सरासरी मुले नव्हती. त्यांची जुलैची सरासरी ८.१ होती. आधीच्या वर्षीही त्यांचे चार-पाच महिने बुडालेले असणार, त्यामुळे हे साहजिकच आहे. ती बाजूला काढून एप्रिलला हजर असलेल्या १०४ मुलांचीच जुलैची सरासरी काढली तर ती १२.० येते. म्हणजे त्या मुलांची खरी वाढ ४.९. ज्या ०.८ गुणांचे श्रेय टॅबलेटला मिळाले, ते कच्ची मुले वर्गात नव्हती म्हणून आले होते.

मूल्यमापनाचा पहिला नियम इथेच येतो. दोन चाचण्यांच्या सरासऱ्या वजा करायच्या नाहीत. प्रत्येक मुलाची वाढ त्याच मुलाच्या आधीच्या गुणांवरून काढायची. त्यासाठी जुलैच्या गुणपत्रकावर हजेरी क्रमांक पुरत नाही, कारण मध्ये नवे प्रवेश झाले की तो बदलतो. जनरल रजिस्टरचा, म्हणजे प्रवेशाच्या वेळी मिळणारा कायमचा क्रमांक लिहायचा. जुलैत हे राहून गेले तर एप्रिलमध्ये नावे जुळवताना एकाच वर्गात सारख्या नावाची दोन मुले निघतात आणि दोन दिवस त्यातच जातात.

टॅबलेट नसलेल्या शाळांत काय झाले?

चौथीतले मूल वर्षभरात काहीतरी शिकतेच. टॅबलेटने किती भर घातली हे कळायला, टॅबलेट नसताना किती भर पडते हे आधी माहीत हवे. सुदैवाने तीच चाचणी उरलेल्या सहा शाळांतही झाली होती. तिथे जुलैत १२० मुले, सरासरी १०.६. एप्रिलमध्ये ९७. गेलेल्या २३ मुलांची जुलैची सरासरी ७.९. राहिलेल्या ९७ मुलांची जुलैत ११.२, एप्रिलमध्ये १४.८. वाढ ३.६.

४.९ वजा ३.६, म्हणजे १.३ गुण. फळ्यावरच्या ५.७ मधले एवढेच टॅबलेटच्या खात्यावर टाकण्याजोगे उरतात, तेही तूर्त. जुलैच्या गुणांचे प्रमाण विचलन, म्हणजे मुलांचे गुण सरासरीभोवती किती पसरले आहेत याचे माप, ५.२ होते, त्या मापाने हा फरक सुमारे ०.२५. एप्रिलचा पेपर जुलैपेक्षा सोपा निघाला असेल, ही शंका या वजाबाकीत आपोआप मिटते, कारण तो सोपेपणा दोन्ही गटांच्या वाट्याला सारखाच आला.

मिटत नाही ती दुसरी शंका. टॅबलेट चिठ्ठ्या टाकून वाटलेले नव्हते. ज्या गावांनी वर्गणी गोळा केली, ती गावे आधीपासूनच शाळेकडे लक्ष देणारी. जुलैतही त्यांची सरासरी ०.६ ने वरच होती. जे गाव टॅबलेटसाठी पैसे जमवते, त्या गावात शाळा व्यवस्थापन समितीची बैठक होते, शिक्षक वेळेवर येतात की नाही हे विचारले जाते. टॅबलेट मिळाले नसते तरी तिथली मुले थोडी पुढे गेली असती, हे नाकारता येत नाही.

२०१ मुले की १२ शाळा?

केंद्राच्या अहवालात पुढची चूक अशी होऊ शकते की २०१ मुलांना २०१ स्वतंत्र पुरावे मानून हिशेब करायचा. तसे केले तर १.३ चा फरक पक्का वाटतो. पण एका वर्गातल्या १७ मुलांना एकच शिक्षक असतो. तो आजारी पडला, त्याची बदली झाली, निवडणुकीच्या कामावर गेला, तर सतराही मुलांचे एकदमच नुकसान होते. त्यामुळे पुरावे मोजायचे ते शाळांवरून.

टॅबलेटच्या सहा शाळांची वाढ अशी: ८.१, ७.२, ४.६, ४.१, ३.२, २.२. टॅबलेट नसलेल्या शाळांची: ५.०, ४.४, ३.९, ३.३, २.८, २.२. शाळांचे पट जवळपास सारखे असल्याने सरासऱ्या त्याच येतात, ४.९ आणि ३.६. आता दोन्ही गटांतला शाळाशाळांमधला चढउतार धरला तर फरकाची प्रमाण त्रुटी, म्हणजे निव्वळ योगायोगाने तो किती हलू शकतो याचे माप, १.०३ येते. इतक्या थोड्या शाळांवरून १.३ दिसला तरी खरा फरक उणे १ ते अधिक साडेतीन यांच्यात कुठेही असू शकतो. टॅबलेटने नुकसान झाले असेल, हेही या आकड्यांतून नाकारता येत नाही.

अहवाल इथेच थांबवून 'परिणाम सिद्ध होत नाही' असे लिहिता आले असते. ते बरोबर असले तरी गटशिक्षणाधिकाऱ्यांना त्याचा उपयोग नाही. ८.१ आणि २.२ एकाच यंत्राचे, एकाच ॲपचे निकाल असतील तर दोन ठिकाणी ते यंत्र वेगळ्या पद्धतीने वापरले गेले असणार. प्रकरणाचा गाभा तिथे आहे.

वापर नोंदवही काय सांगते

सहा शाळांच्या नोंदी आणि ॲपमधल्या तारीख-वेळेच्या खुणा शेजारी ठेवल्या तर तीन प्रकार दिसतात.

८.१ आणि ७.२ वाढीच्या दोन शाळांत टॅबलेट शाळा भरण्याआधी, परिपाठापूर्वी पाऊण तास चालत, आठवड्यातून चार दिवस. म्हणजे आठवड्याला तीन तास जादा. मुले इयत्तेनुसार नव्हे, पातळीनुसार बसत: ज्यांना दोन अंकी संख्या वाचता येत नाहीत ती एकीकडे, हातच्याची वजाबाकी अडते ती दुसरीकडे, भागाकारापर्यंत आलेली तिसरीकडे. एक गट टॅबलेटवर, दुसरा शिक्षकासमोर, मग अदलाबदल. गणिताच्या रोजच्या तासिकेला हात लावलेला नव्हता.

४.६ आणि ३.२ च्या दोन शाळांत टॅबलेट गणिताच्या तासिकेतच दिले जात, आठवड्यात तीन वेळा. द्विशिक्षकी शाळेत हे घडते, त्यात शिक्षकांना दोष देण्यासारखे काही नाही. दोन इयत्ता एकाच खोलीत असतात. चौथीच्या हातात टॅबलेट दिले की तिसरीला शिकवायला मोकळीक मिळते. पण चौथीचे उदाहरण फळ्यावर सोडवणे, वहीत मांडणे आणि वही तपासणे त्या तीन दिवशी होत नाही.

४.१ आणि २.२ च्या शाळांत टॅबलेट बहुतेक काळ कपाटात होते. चार्जिंगला लागणारी वीज नगण्य असते, दहा टॅबलेट एकदा पूर्ण भरायला साधारण पाव युनिट. अडचण होती ती मुख्याध्यापकांच्या खोलीत एकच चालू प्लग असण्याची आणि शाळेच्या वेळेतच वीज जाण्याची. त्याहून मोठी अडचण डेडस्टॉक रजिस्टरची, म्हणजे शाळेच्या टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीची. टॅबलेट नोंदीला चढला की तो फुटल्यास उत्तर कोणी द्यायचे, बदलीच्या वेळी पदभार सोपवताना दहाचे नऊ भरले तर काय, ही भीती खरी आहे. दुरुस्तीची तरतूद आणि फूटतूट लिहून टाकण्याची पद्धत आधी ठरवली नाही, तर कपाट हीच सर्वांत सुरक्षित जागा ठरते.

ॲपच्या नोंदीवर जसाच्या तसा विश्वासही ठेवता येत नाही. पडदा चालू असलेली मिनिटे ती मोजते. एका टॅबलेटवर दोन मुले असतील तर बोट बहुधा एकाचेच चालते आणि दुसरे बघत बसते. म्हणून कागदी वहीत चार रकाने लागतात: तारीख, सुरू-बंद वेळ, कोणती मुले, आणि हा वेळ कशातून काढला. चौथा रकाना भरून घ्यायला कंटाळा येतो, पण या प्रकरणात निकाल लागला तो त्याच रकान्यामुळे.

पेपर दोन भागांत फोडल्यावर

एप्रिलच्या ३० गुणांपैकी ८ गुणांचे प्रश्न चार पर्यायांचे होते, ॲपमध्ये येतात तसेच चित्रासह. उरलेले २२ गुण वहीत सोडवायच्या उदाहरणांचे: उभी मांडणी, हातचा, शाब्दिक उदाहरणे, मापन. जुलैच्या पेपरचीही रचना तीच. दोन्ही भागांची वाढ वेगळी काढली तर असे दिसते:

| गट | पर्यायी प्रश्न (८) | लेखी उदाहरणे (२२) |
|---|---|---|
| जादा वेळेत टॅबलेट, २ शाळा | ३.५५ | ४.१ |
| तासिकेतच टॅबलेट, २ शाळा | २.६५ | १.२५ |
| कपाटात टॅबलेट, २ शाळा | १.० | २.१५ |
| टॅबलेट नाहीत, ६ शाळा | १.२ | २.४ |

दुसरी ओळ सावकाश वाचावी. तासिकेत टॅबलेट चालवणाऱ्या शाळांत पर्यायी प्रश्नांचे गुण चांगले वाढले आणि लेखी उदाहरणांत त्या टॅबलेट नसलेल्या शाळांच्याही मागे राहिल्या. एकूण गुणांत हे दिसत नाही, कारण एक बाजू दुसरीला झाकते. पर्यायी प्रश्नांतल्या वाढीतही काही भाग सवयीचा असतो. जुलैत मूल न येणारा प्रश्न कोरा सोडते; वर्षभर ॲप वापरल्यावर ते काहीतरी टिचकी मारायला शिकते. आठपैकी चार प्रश्न कोरे सोडणाऱ्या मुलाने ते चारही अंदाजाने भरले, तर काही न शिकता सरासरी एक गुण वाढतो. यावर उपाय सोपा आहे. पर्यायी प्रश्नाखाली दोन ओळींची जागा ठेवायची आणि उत्तर कसे काढले ते लिहायला सांगायचे, किंवा वर्गातली पाच-सहा मुले जवळ बसवून तेच उदाहरण तोंडी सोडवून घ्यायचे.

पहिली ओळ आनंदाची आहे, पण ती दोनच शाळांची आहे. शाळा भरण्याआधी पाऊण तास येणारे शिक्षक टॅबलेट नसतानाही मुलांना पुढे नेणारे असू शकतात. शिवाय तिथे एकाच वेळी तीन गोष्टी बदलल्या होत्या: जादा वेळ, पातळीनुसार गट आणि टॅबलेट. गुण कोणत्या गोष्टीमुळे वाढले, हे या आकड्यांतून वेगळे काढता येत नाही.

बाहेरचे पुरावे याच दिशेने जातात

वडोदऱ्याच्या महापालिका शाळांत चौथीच्या गणितासाठी संगणकाचा प्रयोग झाला. अर्थशास्त्रज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांचा त्यावरचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. आठवड्याला दोन तास, एका संगणकावर दोन मुले, त्यातला एक तास शाळेच्या वेळेबाहेर. पहिल्या वर्षी ०.३५ आणि दुसऱ्या वर्षी ०.४७ प्रमाण विचलन इतकी सुधारणा दिसली. कार्यक्रम थांबल्यावर वर्षभराने तिच्यातले सुमारे ०.१ च उरले. गुजरातमध्येच ज्ञानशाळा या स्वयंसेवी संस्थेच्या वर्गांत ली लिंडेन यांनी २००८ मध्ये मांडलेला निकाल आपल्या तक्त्याशी थेट जुळतो. संगणक शिकवण्याच्या वेळेच्या जागी आला तेव्हा मुले ०.५७ ने मागे पडली. शाळेबाहेरच्या वेळेत आला तेव्हा ०.२८ ने पुढे गेली. दिल्लीत सहावी ते नववीच्या मुलांसाठी शाळा सुटल्यावर चालणाऱ्या केंद्रांत, मुलाच्या पातळीपासून सुरू होणाऱ्या सॉफ्टवेअरने साडेचार महिन्यांत गणितात ०.३७ आणि हिंदीत ०.२३ ची भर घातली. तिथेही ९० मिनिटांपैकी निम्मा वेळ शिक्षकासोबतच्या छोट्या गटाचा होता. आणि पेरू देशात ३१९ ग्रामीण शाळांच्या अभ्यासात मुलांना लॅपटॉप देऊन १५ महिन्यांनी पाहिले, तर गणितात आणि भाषेत फरक आढळला नाही.

मग प्रस्तावाचे काय करायचे?

साठ टॅबलेटची नवी खरेदी थांबवावी आणि पुढच्या वर्षी प्रश्न बदलून विचारावा. 'टॅबलेट चांगले का' या प्रश्नाला उत्तर नाही. 'शाळेआधीचा पाऊण तास आणि पातळीनुसार गट, यांत टॅबलेटने भर पडते का' याला आहे. म्हणून दोन्ही गटांना तो पाऊण तास द्यायचा. एका गटाकडे टॅबलेट, दुसऱ्याकडे मणी, काड्या, खेळण्यातल्या नोटा-नाणी आणि कृतिपत्रिका. गुण सारखेच वाढले तर पैसा टॅबलेटऐवजी त्या पाऊण तासासाठी लागणाऱ्या माणसावर खर्च करता येईल.

बारा शाळांत हे जमणार नाही. मुलांच्या गुणांतल्या एकूण चढउतारापैकी २० टक्के शाळाशाळांमधला धरला आणि जुलैच्या गुणांनी त्यातला निम्मा समजावला असे मानले, तरी बारा शाळांत सुमारे ३ गुणांहून लहान फरक पकडीत येत नाही. १.३ गुणांचा फरक पकडायचा तर तालुक्यातल्या ६० च्या आसपास शाळा लागतात. ३० शाळांना प्रत्येकी ५ टॅबलेट, दोन मुलांत एक. गट आळीपाळीने बसले की पाच पुरतात. एकूण १५० लागतील, ६० हाताशी आहेत, ते परत गोळा करून नव्याने वाटायचे; उरलेल्या ९० ची सोय मात्र या तुलनेसाठी म्हणून वेगळी करावी लागेल. पैसे ज्यांनी दिले त्या गावांना हे आधी बैठकीत सांगावे लागेल, आणि हा भाग हिशेबापेक्षा कठीण आहे. गावाने नकार दिला तर त्या शाळांचे टॅबलेट तिथेच ठेवून त्या शाळा चिठ्ठ्यांतून वगळायच्या.

क्रम महत्त्वाचा आहे. आधी जुलैची चाचणी, मग जुलैचे गुण आणि स्थलांतराचे प्रमाण पाहून सारख्या शाळांच्या जोड्या, मग शिक्षण परिषदेत सगळ्यांसमोर प्रत्येक जोडीची चिठ्ठी. चिठ्ठी आधी निघाली तर शिक्षकांना आपली शाळा कोणत्या गटात आहे हे माहीत असताना चाचणी होते आणि जुलैचे गुण हलतात. एप्रिलचा पेपर घ्यायला दुसऱ्या केंद्राचे शिक्षक, तपासताना शाळेच्या नावाऐवजी संकेतांक. ॲपच्या कंपनीकडून प्रश्न घ्यायचे नाहीत. आणि चिठ्ठ्या काढण्यापूर्वी कार्यवृत्तात लिहून ठेवायचे की निर्णय २२ गुणांच्या लेखी भागावर होईल, आणि तिथला फरक किती निघाला तर खरेदी होईल. निकाल हातात आल्यावर हा आकडा ठरवला तर जो निघेल तोच पुरेसा वाटतो.

राहिली ती ५० मुले, दोन्ही गटांतून गेलेली. दोन्हीकडे गळतीचे प्रमाण जवळपास सारखे, २७ आणि २३, म्हणून राहिलेल्या मुलांची तुलना फारशी बिघडली नाही. पण वर्गातल्या दर पाचांतल्या एका मुलाबद्दल हा सगळा अभ्यास काहीच सांगत नाही, आणि तेच मूल सर्वांत मागे आहे. त्यांच्यासाठी तिसरी चाचणी दसऱ्याआधी, टोळ्या निघण्यापूर्वी घ्यावी. गाव सोडताना शिक्षण हमी कार्डावर, म्हणजे स्थलांतरित मुलाला दुसऱ्या शाळेत दाखवण्यासाठी दिल्या जाणाऱ्या कार्डावर, त्या दिवशीची पातळी लिहावी. नुसते 'चौथी' असे न लिहिता 'हातच्याची वजाबाकी येते, भागाकार येत नाही' असे लिहावे. परत आल्यावर, एप्रिलच्या शेवटी आले तरी, आठवड्याच्या आत तीच तोंडी चाचणी. एका मुलाला वीस मिनिटे लागतात. ५० मुलांचे जवळपास १७ तास, दोन शिक्षकांचे दोन दिवस.